जुनेर आणि कात्री : भारतातील जुन्या वस्त्रांच्या नव्या रूपांचा इतिहास

पाली विनयपिटकातील ‘चुल्लवग्ग’ या ग्रंथात कौशांबीचा राजा उदेन आणि भिक्षू आनंद यांचा एक संवाद आलेला आहे. राजाच्या अंतःपुरातील स्त्रियांनी आनंदाला पाचशे उत्तरीये दान केली. हे राजाला रुचले नाही. एवढी वस्त्रे घेऊन हा श्रमण कापडाचे दुकान मांडणार की काय, अशी शंका त्याला आली आणि त्याने आनंदाला त्याविषयी एकामागून एक प्रश्न विचारले. आनंदाची उत्तरे सरळ होती. ज्या भिक्षूंची चीवरे विरली आहेत त्यांना ही वस्त्रे वाटायची. त्यांच्या जुन्या चीवरांचे पलंगपोस करायचे, जुन्या पलंगपोसांचे गादीचे अभ्रे, अभ्र्यांची जमिनीवरची अंथरणे, अंथरणांची पायपुसणी, पायपुसण्यांची धूळ झटकण्याची फडकी; आणि ती फडकीही निकामी झाली म्हणजे ती कुटून, चिखलात कालवून त्या चिखलाने जमीन सारवायची. राजा संतुष्ट झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

भारतातील वस्त्राच्या पुनर्वापराचा इतका सुसंगत आराखडा मांडणारी प्राचीन नोंद दुर्मीळच म्हणावी लागेल. परंतु या नोंदीतच इतिहासलेखनापुढील एक मोठी अडचणही दडलेली आहे. जे वस्त्र शेवटच्या धाग्यापर्यंत वापरले गेले, ते मागे उरत नाही. संग्रहालयांत जतन झालेली वस्त्रे बहुधा राजवाड्यांतील, देवळांतील किंवा लग्नाच्या पेटीतील असतात. रोज नेसले गेलेले, फाटले म्हणून दंड घातलेले, मग मुलाचे झबले झालेले आणि अखेरीस पोतेरे म्हणून संपलेले लुगडे तेथे पोहोचत नाही. म्हणून या विषयाचा इतिहास वस्तूंपेक्षा धर्मनियमांतून, बाजारांच्या रचनेतून आणि विशेषतः भाषेतील शब्दांतून शोधावा लागतो.

प्रश्नाची मांडणी

गेल्या काही वर्षांत ‘थ्रिफ्ट’ आणि ‘व्हिंटेज’ हे शब्द भारतीय शहरांतील तरुण वर्गाच्या बोलण्यात रुळले आहेत. आजीच्या साडीचा कुडता शिवणे, बाजारातून घेतलेला जुना कोट कमरेत आवळून घेणे, काठपदर काढून तो नव्या पोलक्याला लावणे ही आता हौसेची आणि पर्यावरणभानाची कृती मानली जाते. तिच्याविषयीचे लेखन मात्र बहुतेक वेळा दोन टोकांना जाते. एक पक्ष म्हणतो की हे पाश्चात्त्य अनुकरण आहे, कारण दुसऱ्याचे उतरलेले वस्त्र अंगाला लावणे आपल्याकडे निषिद्धच होते. दुसरा पक्ष म्हणतो की यात नवे काहीच नाही, आपल्या आज्या हेच करीत आल्या.

प्रस्तुत निबंधात असे प्रतिपादन करावयाचे आहे की हे दोन्ही पक्ष अपुरे आहेत. जुने वस्त्र वापरावे की नाही, असा प्रश्न भारतीय समाजाने फारसा कधी विचारलेला दिसत नाही. त्याने विचारलेला प्रश्न निराळा आहे : ते वस्त्र पूर्वी कोणाच्या अंगावर होते आणि ते कोणाच्या हातून आले? या प्रश्नाच्या उत्तरावर तेच वस्त्र मायेचे ठरते, अपमानाचे ठरते किंवा केवळ माल ठरतो. आणि या तिन्ही स्थितींमध्ये वस्त्राची पूर्वीची ओळख ठेवणारे, बदलणारे किंवा पुसून टाकणारे साधन एकच आहे. ते साधन म्हणजे कात्री.

चीवराचा नियम या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. स्मशानात किंवा उकिरड्यावर टाकलेल्या चिंध्या गोळा करून शिवलेल्या चीवराला ‘पांसुकूल’ म्हणत. पुढे गृहस्थांनी दिलेले वस्त्र स्वीकारण्यास मुभा मिळाली. पण तेही तुकडे करून, जोडून शिवायचे असा दंडक होता. ‘महावग्गा’नुसार बुद्धाने मगधातील बांधांनी विभागलेली शेते आनंदाला दाखवली आणि तशा आकृतीची चीवरे करण्यास सुचवले. कापल्यामुळे वस्त्राचे बाजारमूल्य घटते आणि चोराला त्याचा लोभ उरत नाही, असे कारण परंपरेने दिले आहे. परंतु आणखी एक परिणाम उघड आहे. श्रेष्ठीने दिलेले तलम वस्त्र आणि उकिरड्यावरची चिंधी, दोन्ही कापून एका आकृतीत शिवली गेली की देणाऱ्याची श्रीमंती वा हीनता त्यांत दिसत नाही.

घरातील कात्री : जुनेराची वाटचाल

मराठीत वापरून जुन्या झालेल्या लुगड्याला वा धोतराला ‘जुनेर’ म्हणतात. हा शब्द नीट पाहिला पाहिजे. ‘चिंधी’ आणि ‘पटकूर’ या शब्दांत टाकाऊपणाचा भाव आहे. ‘जुनेर’ या शब्दात तो नाही. जुनेर हे वस्त्राचे एक वय आहे. सुती कापड अनेक धुण्यांनंतर मऊ होते, पाणी चटकन शोषते आणि कातडीला टोचत नाही. त्यामुळे नव्या कापडाला जे काम जमत नाही ते जुनेराला जमते. नवजात बालकाचे पहिले अंगडे, बाळोते, दुपटे आणि कुंची जुन्या कापडाची करण्यामागे काटकसर होती तशी ही व्यवहारबुद्धीही होती. आजीच्या लुगड्यात बाळाला गुंडाळणे म्हणजे तिचे आयुष्य त्याला लाभावे, हा श्रद्धेचा भाग त्यावर चढलेला होता.

या वाटचालीचे टप्पे भाषेने जपले आहेत. लुगडे मध्यभागी विरले की तो भाग काढून उरलेले दोन तुकडे जोडीत. त्या जोडाला ‘दंड घालणे’ म्हणत. एखाद्याच ठिकाणी फाटले तर ‘ठिगळ’. नेसण्याजोगे उरले नाही म्हणजे त्यातून मुलीचे परकर-पोलके, मुलाचे झबले किंवा टोपडे. त्यानंतर गोधडी किंवा वाकळ, मग फडके आणि शेवटी पोतेरे. आनंदाने उदेन राजाला सांगितलेली साखळी आणि मराठी घरातील ही साखळी यांच्यातील साम्य लक्षणीय आहे. यात उसनवारीचा पुरावा शोधण्याचे कारण नाही. सुती कापड झिजण्याची रीतच ही साखळी ठरवते.

न शिवलेल्या वस्त्राचे येथे मोठे माहात्म्य आहे. शिवलेला अंगरखा एका देहाच्या मापाचा असतो. तो उसवला तरी त्याच्या तुकड्यांचे आकार वेडेवाकडे राहतात. लुगडे, धोतर, उपरणे ही सरळ काठांची आयताकृती वस्त्रे आहेत. त्यांतून काहीही बेतता येते आणि फार थोडे वाया जाते. विसाव्या शतकात शहरी मराठी घरांत नऊवारीची जागा सहावारीने घेतली, तेव्हा एका नऊवारीतून एक सहावारी साडी आणि उरलेल्या तीन वारांत मुलीचे कपडे असा हिशेब करता येत होता. शिवणयंत्र घरात आल्यानंतर हा हिशेब अधिक सफाईदार झाला.

गोधडीची सजातीय रूपे भारतभर आढळतात. बंगालमध्ये कंथा जुन्या साड्या आणि धोतरे एकावर एक ठेवून शिवली जाते आणि पूर्वी तिच्यावरील भरतकामाचा दोराही बहुधा साडीच्या काठातून उसवून काढलेला असे. कृष्णदास कविराजांच्या ‘चैतन्यचरितामृता’त कंथेचा उल्लेख येतो. गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) या सनदी अधिकाऱ्याने गावोगाव फिरून जमवलेल्या कंथा कोलकात्याजवळील जोका येथील संग्रहालयात ठेवल्या गेल्या. रोजच्या वापरातील शिवणकाम संग्रहालयाच्या दारापर्यंत पोहोचल्याचे हे मोजक्या उदाहरणांपैकी एक होय. बिहारमधील मुझफ्फरपूर परिसरातील सुजनी, राजस्थान आणि कच्छमधील रल्ली ही त्याच कुळातील शिवणे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, येल्लापूर भागातील सिद्दी स्त्रिया जुन्या कपड्यांच्या तुकड्यांतून ‘कवंदी’ शिवतात. हे सिद्दी मुख्यतः पोर्तुगीज अमलातील गोव्यातून निसटून रानात वसलेल्या आफ्रिकी गुलामांचे वंशज मानले जातात. कवंदी कडेपासून आत मध्याकडे शिवत नेतात आणि तिच्या चारही कोपऱ्यांवर तुकड्यांची ‘फुला’ नावाची घडी बसवतात. ती नसेल तर कवंदी नग्न समजली जाते. सर्वांत जुन्या चिंध्यांच्या वस्तूलाही अब्रू असते, असे मानणारी ही दृष्टी आहे.

या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. पूर्वीचे अंग ओळखीचे आहे. गोधडीवर हात फिरवून हा तुकडा कोणाच्या लुगड्याचा, हा कोणाच्या सदऱ्याचा, हे घरातील माणसे सांगू शकतात. येथे कात्री वस्त्राचा आकार बदलते, पण आठवण कापीत नाही.

उतरलेले वस्त्र : दान आणि अवमान

घराचा उंबरा ओलांडला की तेच वस्त्र निराळा अर्थ धारण करते. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात इतरांनी वापरलेली पादत्राणे आणि वस्त्रे वापरू नयेत असा निषेध आहे. त्याच ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात सेवा करणाऱ्या शूद्राला उष्टे अन्न आणि जीर्ण वस्त्रे द्यावीत असे सांगितले आहे, तर चांडाळाची वस्त्रे प्रेतावरची असावीत असेही विधान येते. ही विधाने एकत्र वाचली म्हणजे त्यांतील अर्थ स्पष्ट होतो. हा निषेध जुन्या वस्त्राचा नाही. वस्त्राच्या प्रवासाची दिशा तो ठरवतो. वस्त्र वरून खाली जाईल. खालून वर येणार नाही.

महाराष्ट्रातील बलुतेदारीत ही दिशा व्यवहारात उतरली होती. मृतदेहावरील वस्त्र हा महारांच्या हक्कांपैकी एक मानला जाई. ज्याला गाव ‘हक्क’ म्हणे तोच हीनत्वाचा शिक्का होता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य स्त्रियांना लुगडे नेसण्याची जातिदर्शक पद्धत आणि दागिन्यांची जुनी धाटणी सोडून देण्याचे आवाहन केले, आणि अनेक स्त्रियांनी तेथेच नेसण्याची पद्धत बदलली. या घटनेची वस्त्रेतिहासात नोंद व्हावयास हवी. त्या स्त्रियांनी नवी लुगडी आणली नव्हती. असलेलेच लुगडे त्या निराळ्या रीतीने नेसल्या. रोजच्या पेहरावाची मांडणी बदलणे हीही राजकीय कृती असू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

याच दशकात दुसरा एक वाद झाला. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळ येथे महात्मा गांधींच्या उपस्थितीत विदेशी कापडाची मोठी होळी झाली. तिच्याविषयी सी. एफ. अँड्र्यूज आणि रवींद्रनाथ टागोर या दोघांनीही तीव्र नापसंती व्यक्त केली. देशात लोक उघडे असताना वस्त्रे जाळण्यापेक्षा ती गरिबांना का देऊ नयेत, हा आक्षेप त्यात होता. गांधींचे उत्तर असे की जे वस्त्र आपण स्वतः पापाचे म्हणून टाकतो ते गरिबाला देणे म्हणजे त्याच्या स्वाभिमानाचा अवमान आहे. होळीची कृती कोणाला पटो वा न पटो, या वादात उभा राहिलेला प्रश्न आजही मिटलेला नाही : मला नको झालेले वस्त्र दुसऱ्याला देताना मी नेमके काय देतो?

१९९९ मध्ये दिल्लीत अंशू गुप्ता यांनी स्थापन केलेल्या ‘गूंज’ या संस्थेचे कार्य या प्रश्नाच्या संदर्भात पाहणे उद्बोधक ठरते. शहरांतील वापरलेले कपडे गोळा करून ते खेड्यांत पाठवणाऱ्या या संस्थेने कपडे फुकट वाटण्याऐवजी गावाने विहीर, रस्ता, बांध अशी सामूहिक कामे करावीत आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे घ्यावेत, अशी रीत रूढ केली. अंगावर घालण्याजोगे न उरलेले सुती कापड निवडून, धुऊन त्यापासून मासिक पाळीसाठी घड्या तयार करण्याचे कामही तिने हाती घेतले. २०१५ मध्ये अंशू गुप्ता यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दान ते मोबदला हा बदल शब्दापुरता वाटला तरी तो वस्त्राच्या प्रवासाची दिशा बदलणारा आहे.

याच परंपरेतील एक निराळे उदाहरण गाडगेबाबांचे (१८७६–१९५६). चिंध्या जोडलेल्या त्यांच्या पेहरावामुळे त्यांना ‘गोधडेबाबा’ आणि ‘चिंधेबुवा’ म्हणत. गरिबीची खूण मानले जाणारे वस्त्र त्यांनी स्वेच्छेने अंगावर घेतले. लादलेली चिंधी आणि निवडलेली चिंधी यांतील अंतर त्यांच्या श्रोत्यांना सांगावे लागत नव्हते. आजच्या फॅशनच्या चर्चेत मात्र ते वारंवार विसरले जाते.

बोहारीण ते घोडा मंडी

नातेसंबंध आणि दान यांच्या पलीकडे तिसरा मार्ग बाजाराचा. मराठी घरांत तो ‘बोहारीण’ या रूपाने दारात येई. डोक्यावर पाटी, पाटीत भांडी आणि पाठीवर जुन्या कपड्यांचे बोचके. कपड्यांच्या मोबदल्यात भांडे मिळे. दोन साड्या आणि एक पँट यांवर पातेले द्यायचे की डबा, याची घासाघीस दुपारी, घरातील पुरुष कामावर गेल्यावर चाले. हा व्यवहार दोन्ही बाजूंनी स्त्रियांचा होता. ज्या गृहिणीच्या हाती रोख पैसा नसे तिच्याजवळ जुने कपडे असत. त्यांतून ती स्वयंपाकघरातील मालमत्ता उभी करी. स्टेनलेस स्टीलची भांडी सर्वत्र झाल्यावर या विनिमयाला विशेष बहर आला.

उत्तर आणि पश्चिम भारतातील या व्यापारात मूळच्या गुजरातमधील वाघरी समाजाचा मोठा वाटा आहे. या समाजातील अनेक जण आज ‘देवीपूजक’ हे नाव वापरतात. पश्चिम दिल्लीतील रघुबीर नगर येथे पहाटेच्या अंधारात भरणारी ‘घोडा मंडी’ हे या व्यापाराचे मोठे केंद्र होय. दिवसभर वस्त्यांतून फिरून भांड्यांवर मिळवलेले कपडे वाघरी स्त्रिया येथे आणतात. मानवशास्त्रज्ञ ल्युसी नॉरिस यांनी या बाजाराचा सविस्तर अभ्यास केला असून तो २०१० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यातून या बाजाराची विभागणी स्पष्ट होते. अंगावर घालण्याजोगे शर्ट, पँट, स्वेटर घेणारे व्यापारी ते धुऊन, रफू करून, गुंड्या लावून, इस्त्री करून आठवडी बाजारांत विकतात. विटलेले कापड रंगवले जाते. सुती कापडाचे तुकडे कारखान्यांत यंत्रे पुसण्यासाठी जातात. खऱ्या जरीची साडी असेल तर ती जाळून चांदी मिळवणारा गिऱ्हाईक वेगळा. आणि रेशमी साड्या वेचून घेणारा आणखी वेगळा, कारण त्यांतून परदेशी गिऱ्हाइकांसाठी झगे, घागरे, गळपट्टे आणि उशांचे अभ्रे शिवले जातात.

येथे दोन गोष्टी लक्षात घेणे अगत्याचे आहे. पहिली जरीविषयी. जुन्या पैठण्या आणि बनारसी साड्या इतक्या थोड्या का उरल्या, याचे एक कारण त्यांची किंमत हेच आहे. कापड विरले तरी जर वितळवून पैसे येत. म्हणून जे वस्त्र सर्वांत मोलाचे तेच आगीत गेले. दुसरी गोष्ट साडीच्या पुनर्जन्माविषयी. पहाडगंज, पुष्कर आणि गोव्यातील हणजुणे येथील बाजारांत परदेशी प्रवाशाला विकला जाणारा ‘व्हिंटेज’ घागरा हा अनेकदा उत्तर भारतातील एखाद्या घरातून भांड्यावर गेलेल्या साडीचा असतो. कोणाच्या तरी लग्नातले वस्त्र कात्रीखाली गेले, त्याची आठवण पुसली गेली आणि मग ‘जुनेपणा’ ही नवी आठवण त्याला चिकटवून ते पुन्हा विकले गेले. अहमदाबादच्या लॉ गार्डन परिसरातील वाघरी विक्रेत्यांचा १९९०च्या दशकात एमा टार्लो यांनी केलेला अभ्यासही हेच दाखवतो. कच्छ-सौराष्ट्रातील जुन्या भरतकामाचे तुकडे जोडून थैल्या, तोरणे, चोळ्या करण्याची बाजारपेठ या स्त्रियांनी स्वतःच्या हुशारीने उभी केली. तिला ‘कारागिरी’ म्हणण्याऐवजी ‘फेरीवाल्यांचा धंदा’ म्हणण्याची सवय मात्र सुटली नाही.

कापलेला कोट आणि पानिपत

मराठी मनात ‘पानिपत’ हा शब्द १७६१ शी कायमचा जोडलेला आहे. ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. परंतु वस्त्रांच्या इतिहासात पानिपतची ओळख निराळी आहे. जगभरातून टाकून दिलेले लोकरी कपडे येथे येतात आणि त्यांचा पिंजून पुन्हा धागा केला जातो. हे तंत्र मूळ इंग्लंडमधील यॉर्कशरचे. बॅटली येथील बेंजामिन लॉ याने १८१३ च्या सुमारास लोकरीच्या चिंध्यांपासून ‘शॉडी’ नावाचे कापड तयार केले. तेथील धंदा ओसरला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पानिपत त्याचे मोठे केंद्र बनले.

देशी वस्त्रोद्योगाच्या संरक्षणासाठी वापरलेल्या कपड्यांच्या आयातीवर निर्बंध आहेत. चिंध्यांच्या वर्गातील मालाला वेगळी वाट आहे. म्हणून घालता येण्याजोगे कोट आणि स्वेटर कापून निरुपयोगी करून आणले जातात. अंगावर घालता येऊ नये यासाठीच कात्री चालवायची, असा हा उलटा प्रकार. कांडला येथील विशेष क्षेत्रात, जेथे १९६५ मध्ये आशियातील पहिले निर्यात प्रक्रिया क्षेत्र सुरू झाले, परदेशी जुन्या कपड्यांची वर्गवारी करून चांगला माल पुन्हा इतर देशांकडे पाठवणारे कारखाने आहेत. पानिपतात पोहोचलेल्या कपड्यांच्या गुंड्या, साखळ्या, अस्तरे आणि नाममुद्रा स्त्रिया विळीने काढतात. मग रंगाप्रमाणे ढीग लागतात. लाल लाल ढिगात, हिरवे हिरव्यात. त्यामुळे धागा पुन्हा रंगवण्याची फारशी गरज उरत नाही. त्या धाग्याची घोंगडी पुढे स्वस्त पांघरूण म्हणून आणि आपत्तिग्रस्तांच्या मदतीसाठी जात. अलीकडच्या काळात हलक्या कृत्रिम धाग्याच्या पांघरुणांनी या घोंगड्यांची बाजारपेठ बरीच बळकावली आहे.

मेघना गुप्ता यांच्या ‘अनरॅव्हल’ या २०१२ च्या माहितीपटात पानिपतच्या या कामगार स्त्रिया दिसतात. न फाटलेले इतके कपडे ती माणसे का टाकतात, याचा तर्क त्या आपापसांत करतात. पाणी महाग असेल म्हणून धुण्याऐवजी फेकून देत असतील, असाही एक अंदाज निघतो. ज्या अंगावरून हे कपडे उतरले ते अंग त्यांना अनोळखी आहे. पण त्याविषयीचे कुतूहल मेलेले नाही. बाजाराने पुसलेली ओळख त्या कल्पनेने भरून काढतात.

‘व्हिंटेज’ आणि रोजचा पेहराव

वरील पार्श्वभूमीवर आजच्या प्रवाहाकडे पाहिले असता त्यातील नवे आणि जुने वेगळे करता येते. टंचाईत कपड्याला नवे रूप देणे नवे नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने १९४३ मध्ये ‘मेक डू अँड मेंड’ ही पुस्तिका काढून गृहिणींना दुरुस्तीचे धडे दिले. भारतात त्याच वर्षी सुती कापड व सूत नियंत्रण आदेश निघाला आणि कापडाची टंचाई घरोघर जाणवली. येथे अशा पुस्तिकेची गरज नव्हती, कारण ते ज्ञान घरातच होते. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा दिल्लीच्या आठवडी बाजारांत वापरलेले कपडे घेणारा गरीब ग्राहकही नेहमीच होता. ईशान्य भारतातील शहरांत परदेशी जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यांतून वेचून नीटनेटका पेहराव साधणे ही ‘थ्रिफ्ट’ हा शब्द देशभर पसरण्याआधीपासूनची नागरी सवय आहे. दिल्लीतील सरोजिनी नगरचा बाजार मात्र मुख्यतः निर्यातीतून उरलेल्या मालाचा. त्याला सरसकट जुन्या कपड्यांच्या बाजारात गणणे योग्य नाही.

नवे आहे ते हे की परवडत असूनही जुने वस्त्र निवडणारा आणि ते अभिमानाने मिरवणारा वर्ग तयार झाला आहे. मनूच्या नियमाने ज्याला दुसऱ्याचे वस्त्र निषिद्ध केले होते त्याच वर्गातील तरुणी आज अनोळखी माणसाचा कोट विकत घेते, त्याच्या बाह्या आखूड करते आणि महाविद्यालयात घालून जाते. वस्त्राच्या प्रवासाची एकेरी दिशा येथे प्रथमच डळमळलेली दिसते. या बदलाचे मोल कमी लेखू नये. परंतु तो पुरता झालेला नाही, हेही म्हटले पाहिजे. हाच कोट मोलकरणीच्या मुलीच्या अंगावर असेल तर तो ‘उतरलेला’ आणि मालकिणीच्या मुलीच्या अंगावर असेल तर ‘व्हिंटेज’ ठरतो, तोवर शब्द बदलला असला तरी उतरंड कायम आहे.

दुसरी अडचण कापडाची आहे. कृत्रिम धाग्याचे कापड झिजून मऊ होत नाही, पाणी शोषत नाही. त्याचे बाळोते होत नाही आणि त्याची गोधडी उबेपेक्षा घामच अधिक देते. आनंदाने सांगितलेली साखळी त्याच्या बाबतीत दुसऱ्या-तिसऱ्या कडीलाच तुटते, आणि चिखलात कालवले तरी ते मातीत मिसळत नाही. त्यामुळे स्वस्त, अल्पायुषी कपड्यांच्या राशीला केवळ पुन्हा शिवण्याच्या हौसेने उत्तर देता येणार नाही. आजीच्या साडीचा कुडता होऊ शकतो, कारण आजीची साडी तशा कापडाची होती. आज घेतलेल्या वस्त्राचे पन्नास वर्षांनी काय होऊ शकेल, हा प्रश्न ते विणले जाते त्या वेळीच ठरलेला असतो.

समारोप

जुन्या वस्त्राच्या या इतिहासात कात्री तीन प्रकारे चाललेली दिसते. भिक्षूंच्या संघात तिने दात्याची प्रतिष्ठा कापली, घरात तिने आठवण राखून आकार बदलला आणि बाजारात तिने ओळख पुसून माल घडवला. वस्त्र लादले गेले तेथे तिला कामच नव्हते. त्याची ओळख तशीच राहावी हाच तेथील हेतू होता. आजचा ‘व्हिंटेज’ पेहराव बाजारातून येतो आणि घरातल्या आठवणीचा आव आणतो. त्याला खरोखर त्या परंपरेत बसायचे असेल तर ते वस्त्र आपल्यापर्यंत आणणाऱ्या हातांची नोंद घेतली पाहिजे : दंड घालणाऱ्या गृहिणीची, पाटी घेऊन दारोदार फिरणाऱ्या बोहारणीची, पहाटे घोडा मंडीत बसणाऱ्या वाघरी स्त्रीची आणि विळीवर कोट चिरणाऱ्या पानिपतच्या कामगार स्त्रीची. या साखळीतील बहुतेक हात स्त्रियांचे आहेत आणि इतिहासात त्यांच्यापैकी जवळपास एकाचेही नाव नाही.

अभ्यासकांपुढील काम त्यामुळे दुहेरी आहे. संग्रहालयांतील वस्त्रांवरील दुरुस्तीच्या खुणांना दोष न मानता त्यांचे वर्णन नोंदवले पाहिजे. ठिगळ कोठे आहे, दोरा कोणता, जोड कोणत्या हाताचा, हे सारे साधन आहे. आणि दंड, जुनेर, बाळोते, वाकळ, पोतेरे या शब्दांचे प्रदेशवार संकलन, ते वापरणाऱ्या वृद्ध स्त्रिया हयात आहेत तोवर, केले पाहिजे. वस्त्रे झिजून गेली आहेत. ती कशी झिजली, कोणी जोडली आणि पुढे कोणाला दिली, हे सांगू शकणारे शब्द अजून काही घरांत बोलले जातात.